एकाच कादंबरीतले चांगले-वाईट बाप : वाचनकट्ट्यावर तुलना कशी करावी

'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचून झाली आणि कट्टा जमला, की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागलेला असतो. ॲटिकस फिंच चांगला बाप, बॉब यूएल वाईट बाप. सगळ्यांच्या माना डोलतात, चहा येतो आणि उरलेला वेळ आपापल्या मुलांच्या शाळांवर गप्पा होतात. ॲटिकस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावचा वकील, जेम आणि स्काउट या दोन मुलांचा बाप. यूएलची मुलगी मेयेला हिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर आहे, आणि खटल्यात ॲटिकस टॉमचा बचाव करतो. पण हार्पर ली यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीत बाप दोन नाहीत, निदान सहा आहेत. त्यांच्यातली सर्वांत मोलाची तुलना फिंच आणि यूएल यांची नाहीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याकडे पुढे येऊ. आधी तयारी.

ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, वाचनालयात किंवा कुणाच्या तरी हॉलमध्ये सात-आठ जण जमतात, अशा गटासाठी ही पद्धत आहे. दहाच्या वर माणसं गेली की दोन गट करा. बारा जणांत चारच बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात.

वाचन कसं वाटून घ्यावं

कादंबरीची प्रकरणं ३१, भाग दोन. पहिला भाग अकराव्या प्रकरणाशी संपतो. चार आठवडे ठेवा : १ ते ८, मग ९ ते १५, मग १६ ते २३, शेवटी २४ ते ३१. तिसरा तुकडा मध्ये तोडू नका. सोळाव्या प्रकरणात खटल्याचा दिवस उजाडतो आणि तेविसाव्यापर्यंत त्याचे पडसाद संपतात. हा भाग सलग वाचला नाही, तर कोणत्या साक्षीत काय आलं याचा गोंधळ होतो. बहुतेक प्रकरणं ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात एका दमात होतात. गर्दीत उभ्याने वाचत असाल तर नुसती पेन्सिलची खूण करा. नोंद घरी आल्यावर, त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी खूण दिसते, पण ती कशासाठी केली होती ते आठवत नाही.

प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असते, त्यामुळे पान क्रमांक देऊ नका. नेहमी प्रकरण क्रमांकच सांगा. या एका नियमाने चर्चेतली निदान दहा मिनिटं वाचतात.

दोन गोष्टी चर्चेपर्यंत बाजूला ठेवा. पहिली, १९६२ सालचा चित्रपट. तो सुंदर आहे, पण ग्रेगरी पेकचा चेहरा एकदा डोळ्यांपुढे बसला की पुस्तकातला ॲटिकस दिसेनासा होतो. शिवाय अलेक्झांड्रा आत्या चित्रपटात नाहीच, आणि ॲटिकस बाप म्हणून जिथे जिथे अडखळतो त्यातल्या काही जागा तिच्यामुळेच आलेल्या आहेत. दुसरी, २०१५ मध्ये आलेलं लेखिकेचं 'गो सेट अ वॉचमन'. त्यातला म्हातारा ॲटिकस वेगळा आहे. तो या बैठकीत आणला तर या पुस्तकाची चर्चा होत नाही.

आधी शब्द ठरवा

मराठीत चर्चा करताना एक अडचण येते. ती इंग्रजीत बोलणाऱ्या गटाला येत नाही. आपण नकळत ॲटिकसला 'वडील' म्हणतो आणि यूएलला 'बाप'. ॲटिकस 'म्हणतात', यूएल 'म्हणतो'. म्हणजे एकही प्रसंग उघडण्याआधी क्रियापदानेच निकाल देऊन टाकला. म्हणून पहिल्या मिनिटालाच ठरवा : सगळ्यांना 'बाप', सगळ्यांना एकेरी. कानाला खटकतं, पण पंधरा मिनिटांत सवय होते. या लेखातही तसंच केलं आहे.

मुलं बापाला सरळ 'ॲटिकस' म्हणून नावाने हाक मारतात, तेही आपल्याकडे खटकतं. कुणीतरी हमखास म्हणतं, 'लाडावलेली दिसतायत.' तिथे थांबवा. आई वारली तेव्हा स्काउट दोन वर्षांची होती, जेम सहाचा. घर बाप आणि स्वयंपाकीण कॅलपर्निया मिळून चालवतात. हाक कशी आहे यापेक्षा हाकेला ओ कशी मिळते ते पाहायचं.

नोंदवही : चार रकाने

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा. प्रकरण. प्रसंग. बाप काय करतो. मूल पुढे काय करतं.

सगळं बळ चौथ्या रकान्यात आहे. बाप काय बोलतो यावर जाऊ नका. ॲटिकस वकील आहे, त्याला बोलता येतं. बापाचं मोजमाप मुलाच्या अंगात काय उतरलं त्यावरून करायचं, आणि ते बरेचदा पाच-सात प्रकरणांनंतर दिसतं. म्हणून चौथा रकाना सुरुवातीला रिकामा सोडा आणि पुढे वाचताना मागे येऊन भरा. ॲटिकससाठी बारा-पंधरा नोंदी पुरेत, यूएलसाठी सहा-सात. यूएलच्या कमी निघतात, त्याचं कारण पुढे येईलच.

एक नोंद पूर्ण करून दाखवतो. प्रकरण ११. म्हाताऱ्या मिसेस डुबोस ॲटिकसबद्दल वाईट बोलतात, जेम संतापून त्यांच्या कॅमेलियाच्या झाडांची फुलं-कळ्या छाटून टाकतो. तिसऱ्या रकान्यात 'शिक्षा केली' एवढं लिहिलंत तर नोंद वाया गेली. नेमकं लिहा : ॲटिकस जेमला एकट्याला त्यांच्याशी बोलायला पाठवतो. त्या म्हणतात, महिनाभर रोज शाळेनंतर आणि शनिवारीही दोन तास येऊन मला वाचून दाखव. ॲटिकस ते कबूल करायला लावतो. वाचन संपलं हे सांगायला तिथे एक गजराचं घड्याळ आहे, आणि स्काउटच्या लक्षात येतं की गजर रोज थोडा उशिरा वाजतो. का, ते मुलांना त्या बाई गेल्यावर कळतं. मॉर्फीनचं व्यसन सोडायला त्या धडपडत होत्या, आणि दोन डोसांमधलं अंतर त्या घड्याळाने रोज थोडं वाढवत होत्या. जेमचं वाचन त्या वेदनेवरचा उतारा होता. बापाला हे ठाऊक होतं. त्याने मुलाला आधी सांगितलं नाही, काम करू दिलं आणि मग अर्थ सांगितला. चौथा रकाना : जेम त्यांनी पाठवलेली कॅमेलियाची डबी आधी आगीत टाकतो, आणि नंतर त्यातल्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी चाचपत बसतो. एवढं लिहिलं की 'ॲटिकस संयमी होता' हे वाक्य लिहायची गरजच राहत नाही.

एकाच प्रसंगात दोन बाप

सुटी गुणवर्णनं शेजारी शेजारी ठेवली तर ती तुलना होत नाही, दोन याद्या होतात. एकच परिस्थिती घ्या आणि तिच्यात दोन्ही बाप उभे करा.

शाळा घ्या. दोन्ही नोंदी तिसऱ्या प्रकरणातच सापडतात. यूएलचा मुलगा बरिस दरवर्षी फक्त पहिल्या दिवशी शाळेत येतो, नाव पटावर लागलं की गायब. बापाला फिकीर नाही. त्याच संध्याकाळी स्काउट म्हणते, यूएलची मुलं जात नाहीत तर मी का जाऊ? बाई तर म्हणाल्या, घरी वाचायचंही नाही. ॲटिकस दटावत नाही आणि शाळेला नावंही ठेवत नाही. तो करार करतो : तू शाळेत जा, रात्रीचं वाचन आपण नेहमीसारखं चालू ठेवू. बाप ज्या मुलीशी करार करतो, ती मुलगी करार पाळायला शिकते. पंधराव्या प्रकरणात तुरुंगाच्या दाराशी टॉमला मारायला जमाव जमतो, तेव्हा हीच मुलगी त्या जमावातल्या वॉल्टर कनिंगहॅम या गरीब शेतकऱ्याशी त्याच्या जमिनीच्या कज्जाबद्दल आणि त्याच्या मुलाबद्दल सरळ, घरगुती बोलते आणि जमाव पांगतो. तिचा हा धीर त्या तिसऱ्या प्रकरणातल्या संध्याकाळी रुजला आहे. दोन्ही नोंदींमध्ये बाण काढा.

आता या पुस्तकातला, आमच्या मते, बापपणावरचा सगळ्यात टोकदार प्रसंग. प्रकरण १८, मेयेला यूएलची साक्ष. ही वीसच मिनिटं सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. मेयेला एकोणीस वर्षांची आहे. ॲटिकस तिला 'मिस मेयेला' म्हणतो, 'मॅम' म्हणतो. ती चिडते. तिला वाटतं, हा माणूस माझी टिंगल करतोय. न्यायाधीशाला सांगावं लागतं की हे सगळ्यांशी असंच बोलतात. मराठीत वाचताना हा भाग 'अहो मेयेलाबाई, सांगा पाहू' असा करून पाहा, लगेच उमगतं. एकोणीस वर्षांत घरात कुणी आदराने हाक मारली नसेल, तर आदर शिवीसारखा ऐकू येतो. यूएलने मुलीला मारलं हे साक्षीतून निघतंच : तो डावखुरा आहे, मार चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आहे, आणि टॉम रॉबिन्सनचा डावा हात कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. पण यूएल बाप म्हणून कसा होता याचा पुरावा त्या जखमांपेक्षा तिच्या चिडण्यात जास्त आहे. पुढे ॲटिकस विचारतो, बाप चांगला वागतो का? ती म्हणते, चालवून घेण्यासारखा, पण... आणि थांबते. तो विचारतो, प्यायल्यावर सोडून? ती मान हलवते. चौथ्या रकान्यात ते थांबणंच लिहा.

हिच्याच घराच्या आवारातला एक तपशील सुटू देऊ नका. प्रकरण १७ : कचरा डेपोच्या मागे यूएलची झोपडी, अंगणभर भंगार, आणि कुंपणाच्या एका कोपऱ्यात टवके उडालेल्या सहा इनॅमलच्या भांड्यांत लालभडक जिरेनियम. निगा राखलेली. गावात म्हणतात, ती मेयेलाची. बापाने काहीही दिलं नाही तरी मूल स्वतःहून काय उभं करू पाहतं, ते या सहा कुंड्यांत दिसतं. गटातल्या कुणालाही विचारा, यूएलबद्दल राग सर्वांत जास्त कुठे आला. बरेच जण कुंड्यांपाशी येतात.

अपमान सोसण्याची जोडी थोडक्यात : प्रकरण २३ मध्ये यूएल ॲटिकसच्या तोंडावर थुंकतो. ॲटिकसचं म्हणणं, याने मेयेलाचा एक मार वाचला असेल तर माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या मुलीचा विचार करणारा बाप, आणि प्रकरण २८ मध्ये दुसऱ्याच्या मुलांवर अंधारात सुरी घेऊन जाणारा बाप. इथे फार बोलावं लागत नाही.

ज्याने हात उगारल्याचं दिसत नाही, तो बाप

आता सुरुवातीला म्हटलं ती तुलना : ॲटिकस आणि त्याच्या शेजारचा म्हातारा रॅडली. यूएल आपल्यापासून लांबचा आहे, त्याला नावं ठेवणं सोपं. रॅडली जवळचा आहे. तो पीत नाही, कुणाशी भांडत नाही, धर्माचं कडक पाळतो. मुलगा आर्थर तरुणपणी टवाळ पोरांत सापडतो. न्यायाधीश त्या सगळ्यांना औद्योगिक शाळेत पाठवायचं ठरवतो. रॅडली म्हणतो, माझ्या मुलाला माझ्या ताब्यात द्या, पुन्हा त्रास होणार नाही. शब्द पाळतो. पंधरा वर्षं आर्थर कुणाला दिसत नाही. शाळेत गेलेल्या मुलांना उत्तम शिक्षण मिळालं, त्यातला एक पुढे इंजिनियर झाला. हे सगळं पहिल्याच प्रकरणात आहे, आणि वाचक ते भुताची गोष्ट म्हणून वाचून पुढे जातो.

'घराण्याचं नाव', 'लोक काय म्हणतील', 'माझ्या मुलाचं मी बघून घेईन' ही वाक्यं आपल्याकडे कौतुकाने बोलली जातात. म्हणून रॅडलीवर निदान वीस मिनिटं ठेवा. जेम-स्काउट विचारतात, आर्थरला पलंगाला साखळीने बांधलंय का? ॲटिकसच्या उत्तराचा अर्थ असा, की माणसाचं भूत करायचे इतरही मार्ग असतात. पाचव्या प्रकरणात शेजारीण मिस मॉडी सांगतात, की काहींच्या हातातलं बायबल दुसऱ्याच्या हातातल्या दारूच्या बाटलीहून वाईट ठरतं. या दोन जागा शेजारी ठेवा आणि प्रश्न टाका : रॅडलीने मुलासाठी काहीच केलं नाही, की फार केलं? बापाचं प्रेम खरं असेल असं गृहीत धरूनही चर्चा करा. ती जास्त अवघड आणि जास्त खरी होते.

बाकीचे बाप पटकन. वॉल्टर कनिंगहॅम यूएलइतकाच गरीब, पण वकिलाची फी सरपण आणि अक्रोडासारख्या रानमेव्याने फेडतो आणि त्याचा मुलगा उसने पैसे घेत नाही. टॉम रॉबिन्सन तीन मुलांचा बाप. त्याला बाप म्हणून वागताना पुस्तक जवळजवळ दाखवतच नाही, ही रिकामी जागाही नोंदवा. आणि जेम-स्काउटचा सवंगडी डिल : प्रकरण १४ मध्ये तो घरातून पळून येतो. सावत्र बाप त्याला मारत नाही, खेळणी घेऊन देतो आणि मग म्हणतो, आता जाऊन खेळ. त्या घरात आपण नकोसे आहोत, हे मुलाला कळतं.

कुठे चुकतं

सर्वांत मोठी चूक गरिबीची. 'यूएल गरीब, अशिक्षित, म्हणून असा' हे वाक्य गटात येणारच. उत्तर कनिंगहॅम आहे. आणि कनिंगहॅमलाही संत करू नका, तुरुंगाच्या दाराशी टॉमला मारायला आलेल्यांत तो होता.

दुसरी चूक ॲटिकसला देवघरात बसवण्याची. तो चुकतो. यूएल धमकी देतो तेव्हा तो मुलांना म्हणतो, काळजी नको, थुंकून त्याचा राग निवळला. अंदाज साफ चुकतो आणि जेमचा हात मोडतो. प्रकरण १३ मध्ये बहिणीच्या सांगण्यावरून घराण्याच्या मोठेपणाचं भाषण देतो, स्काउट रडते, आणि तो ते मागे घेतो. माझ्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नका, असं मुलांना सांगणारा बाप हीच त्याची ताकद. पण त्यासाठी आधी चूक मान्य करावी लागते. प्रकरण ३० तर वादाची खाणच आहे. यूएलला जेमने मारलं असं ॲटिकसला वाटतं, आणि तरीही मुलाला पाठीशी घालायला तो नकार देतो, कारण तसं केलं तर आजवर जे शिकवलं ते खोटं ठरेल. पण मुलांना वाचवताना यूएलला आर्थर रॅडलीने मारलं, ही खरी बाजू शेरीफ टेट उलगडतो, तेव्हा आर्थरसाठी तीच झाकपाक ॲटिकस मान्य करतो. तत्त्व मोडलं, की वाकवलं? यावर दोन तट पडू द्या.

तिसरी चूक बारीक आहे आणि चांगल्या वाचकांचीही होते. ही गोष्ट सांगते कोण? मोठी झालेली स्काउट, म्हणजे ॲटिकसचीच मुलगी. यूएलच्या घरातली गोष्ट यूएलच्या मुलांच्या तोंडून येत नाही. मेयेलाची साक्ष सोडली तर काहीच नाही. म्हणून यूएलच्या नोंदी कमी निघतात. ज्या बापाच्या मुलीला लिहिता आलं, त्याचीच बाजू आपल्यापर्यंत आली.

नव्वद मिनिटांची बैठक

पहिली दहा मिनिटं शब्द आणि नियम. मग पंचवीस मिनिटं जोड्या : प्रत्येकाने आपल्या वहीतली एकच नोंद, चारही रकान्यांसकट, दोन मिनिटांत. वीस मिनिटं अठराव्या प्रकरणाचं वाचन. वीस मिनिटं रॅडली. पंधरा मिनिटं ॲटिकसच्या चुका. चहा बैठकीनंतर, मध्ये नको. प्रत मिळत नसेल तर ठाण्यात १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून सुरुवात करून आपापल्या भागातल्या वाचनालयांत चौकशी करा. गटात निदान तीन प्रती हव्यात, नाहीतर मोठ्याने वाचताना सगळे एकाच पुस्तकावर ओणवे होतात.

गटात चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर सूत्रधाराने एकोणिसावं प्रकरण आधीच वाचून ठेवावं. टॉमच्या साक्षीत मेयेलाच्या तोंडचं, बाप तिच्याशी काय करतो याबद्दलचं एक वाक्य आहे. ते टाळू नका आणि त्यावर तर्कांचा खेळही करू नका. 'बापाने मुलीवर अत्याचार केल्याची ही खूण आहे' एवढं साध्या शब्दांत सांगा आणि पुढे जा. ते ऐकून एखादं मूल गप्प झालं, किंवा नंतर बाजूला येऊन काही सांगू लागलं, तर सगळ्यांसमोर विचारू नका. त्याचं पूर्ण ऐका, 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा, त्या घटकेला शोधत बसायला नको.

शेवटी वह्या गोळा करू नका, घरी न्यायला सांगा. चौथ्या रकान्यात बऱ्याच जणांच्या दोन-तीन जागा अजून कोऱ्या असतात, आणि एकतिसावं प्रकरण पुन्हा वाचलं की त्या भरतात. त्या रात्री ॲटिकस जेमच्या खोलीत, त्याच्या उशाशी जागा बसतो. सकाळी मुलगा जागा होईल तेव्हाही तो तिथेच असणार, असं स्काउट सांगते आणि पुस्तक संपतं.